कामावरून उठण्याचे कारण

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळे एक तास मागे घेतली जातात आणि दुसऱ्याच दिवसापासून साताऱ्यातल्या आमच्या घरचे रात्रीचे जेवण एक तास पुढे जात असे. न्यूयॉर्कच्या वेळेप्रमाणे सकाळी साडेनऊला भरणारी आमची रोजची मीटिंग उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी सात वाजता असायची आणि हिवाळ्यात आठ वाजता. मार्चच्या दुसऱ्या रविवारी ती पुन्हा सातवर येई. दिवाळी संपून थंडी सुरू झाली, अंधार लवकर पडू लागला, मुलाला संध्याकाळपासूनच भूक लागू लागली, की नेमकी त्याच दिवसांत आमच्याकडे भाकरी तव्यावर पडायची वेळ लांबायची. तिकडच्या लोकांनी घड्याळ फिरवले तर आपण का जेवायचे थांबायचे, असे सासूबाईंनी पहिल्याच वर्षी मला विचारले होते. सूर्यप्रकाशाचा हिशेब मांडून मी त्यांना उत्तर दिले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि प्रश्न तसाच ठेवला.

मी एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचे, म्हणजे सॉफ्टवेअरमधले दोष शोधण्याचे, काम करते. कंपनीचे ऑफिस हिंजवडीला आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा लॅपटॉप, चार्जर आणि हेडफोन पिशवीत घालून मी साताऱ्याला आले आणि तेव्हापासून बहुतेक काळ इथूनच काम करते आहे. घरून काम करताना कामाचा आणि घराचा तोल कसा राखावा यावर या काळात मी पुष्कळ वाचले, कारण ज्याला त्याला तेच लिहायचे होते. स्वतंत्र टेबल मांडावे, आंघोळ करून ऑफिसचे कपडे घालावेत, दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरच्या वस्तूकडे पाहावे, ठरलेल्या वेळी लॅपटॉप मिटावा. यातला डोळ्यांचा सल्ला खरोखरच उपयोगी आहे. उरलेले चुकीचे आहेत असे नाही, पण ते सगळे शिस्तीचे सल्ले आहेत आणि हा प्रश्न मुळात शिस्तीचा आहे असे मला वाटत नाही. माझ्या ओळखीतली जी माणसे रात्री दहालाही लॅपटॉपसमोर दिसतात ती बेशिस्त नाहीत. उलट फार शिस्तीची आहेत. त्यांच्याजवळ नाही ते कामावरून उठण्याचे कारण, असे कारण की जे सांगितल्यावर समोरचा माणूस ‘बरं’ म्हणेल आणि पुढे काही विचारणार नाही.

हिंजवडीला जात होते तेव्हा माझ्याजवळ असे कारण होते, आणि ते म्हणजे कंपनीची बस. ती सव्वासहाला सुटायची आणि चुकली तर पुढची दोन तासांनी. सहा वाजून पाच मिनिटांनी कोणी नवे काम घेऊन टेबलाशी उभे राहिले, तर ‘माझी बस आहे’ एवढे तीन शब्द पुरत. ते म्हणताना ओशाळल्यासारखे होत नसे, आवाज खाली जात नसे आणि आपण कामचुकार आहोत असा संशय कोणाला येत नसे. बस माझी नव्हती, तिच्यावर माझा अधिकार नव्हता, तिला पदोन्नतीची आशा नव्हती आणि तिच्याशी वाटाघाटी करणे मॅनेजरलाही शक्य नव्हते. काम संपलेले नसतानाही दिवस संपत असे, आणि उरलेले काम सकाळी त्याच जागी भेटे.

बसचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. वाकडच्या पुलाखाली संध्याकाळी अडकून पडलेल्या कोणालाही त्या प्रवासाबद्दल हळहळ वाटणार नाही. जाण्यायेण्यात रोज तीनेक तास जायचे, पाठ धरायची आणि मुलगा झोपायच्या बेतात असताना घरी पोहोचायचे. आज तो शाळेतून येतो तेव्हा मी घरात असते, आणि ही गोष्ट मला मोलाची वाटते. प्रवासाचे ओझे गेले ते चांगलेच झाले. फक्त त्या ओझ्याबरोबर एक गोष्ट निघून गेली, जिची किंमत आम्ही कधी मांडली नव्हती.

कामाचा शेवट माणसाच्या मर्जीवर सोडला तर तो होत नाही, हे मुंबईच्या गिरण्यांनी फार आधी दाखवून दिलेले आहे. सुरुवातीच्या गिरण्या उजाडल्यापासून मावळेपर्यंत चालत, म्हणजे दिवस भयंकर लांबच होता, पण सूर्य मावळला की सूत दिसेनासे होई आणि कोणाची इच्छा असो वा नसो, साचे थांबत. १९०५ च्या सुमारास गिरण्यांमध्ये विजेचे दिवे आले आणि कामाचा दिवस पंधरा तासांपर्यंत ताणला गेला. माणसे तीच होती, त्यांची ताकद तीच होती. बदलला होता तो फक्त अंधार. त्यावर कामगारांमध्ये असंतोष उसळला, आणि १९११ च्या कारखाना कायद्याने कापड गिरण्यांतल्या प्रौढ पुरुषांच्या कामाला बारा तासांची मर्यादा घातली. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, त्या काळात आठ तासांच्या दिवसाची चर्चा पुढे सरकली आणि १९४६ मध्ये आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास कायद्यात आले. सूर्यास्त गेला, तेव्हा त्याच्या जागी कायदा उभा करावा लागला, आणि त्याला चाळीस वर्षे लागली.

आपल्या रविवारचीही कथा अशीच आहे. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक सहकारी, ‘दीनबंधु’चे संपादक, आणि स्वतः गिरणीत नोकरी केलेले. १८८४ मध्ये त्यांनी ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ उभी केली आणि आठवड्यातून एक दिवस सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती अशा मागण्या मांडल्या. एप्रिल १८९० मध्ये मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली, तीत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली, आणि त्याच वर्षीच्या १० जूनला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून तोच मागितला, असे आपल्याकडे सांगितले जाते. ते खरे असो वा नसो, त्यातला व्यवहार मला पटतो. दमलो म्हणून सुट्टी हवी, असे म्हणणाऱ्याला मालक आळशी ठरवू शकतो. देवाचा वार आहे म्हटल्यावर त्याला जरा विचार करावा लागतो.

घरून काम करणे ही तरी आपल्याकडे कुठे नवी गोष्ट आहे? सोलापुरात बायका घरी बसून विड्या वळतात, त्याला कित्येक पिढ्या झाल्या. लिज्जत पापडाची सुरुवात १९५९ मध्ये गिरगावातल्या सात जणींनी ऐंशी रुपयांच्या भांडवलावर केली, आणि आजही तिथल्या भगिनी सकाळी केंद्रावरून पीठ घेऊन जातात, घरी पापड लाटून वाळवतात आणि दुसऱ्या दिवशी वजन करून परत देतात. या कामात मोजमाप आहे. नेलेल्या पिठाचे पापड झाले की काम झाले, मग पोळपाट भिंतीला टेकवून ठेवायला कोणाची परवानगी लागत नाही. त्या कष्टांचे उदात्तीकरण करण्याइतकी मी दूरची नाही. जिथे हजार विड्यांमागे पैसे मिळतात तिथे गरज दुसऱ्या हजाराला बसवते आणि मुलींनाही शेजारी बसवते. पण माझ्या कामात ती मोजणीसुद्धा नाही. एक दोष सापडला की त्याच्या मागे दुसरा असतो, आणि तो सापडला नाही तर तो नाही म्हणून नव्हे, मी पुरेसा शोधला नाही म्हणून, असे मनात येत राहते. वजनकाट्यावर ठेवता न येणारे काम घरात शिरले की ते घराच्या आकाराचे होते.

नियम मात्र भराभर बदलत गेले. नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्राच्या दूरसंचार विभागाने कॉल सेंटर आणि तत्सम सेवांवरची जुनी बंधने काढून देशात कुठूनही काम करण्याची मोकळीक दिली, आणि जुलै २०२२ मध्ये विशेष आर्थिक क्षेत्रांतल्या कंपन्यांसाठीही घरून काम करण्याचा नियम आला. टाटा कन्सल्टन्सीने तर २०२५ पर्यंत केवळ पंचवीस टक्के लोकांनाच एका वेळी ऑफिसात यावे लागेल, असे २०२० मध्ये जाहीर केले होते. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनीच सगळ्यांना परत बोलावले. या सगळ्यात काम कुठून करायचे यावर खूप बोलले गेले. ते किती वाजता संपायचे, हा मुद्दा त्या कागदांत मला तरी ठळकपणे दिसला नाही.

महाराष्ट्राचा दुकाने आणि आस्थापनांचा २०१७ चा कायदा वाचला तर यातली एक गंमत लक्षात येते. त्यात दिवसाला नऊ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा होती. दिवसाची मर्यादा दहा तासांवर नेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये घेतला. त्याच कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊनंतर स्त्रीला कामावर ठेवायचे असेल तर तिची संमती लागते, तिच्या सुरक्षिततेची आणि जाण्यायेण्याची सोय करावी लागते. हिंजवडीत असताना कोणाला उशिरापर्यंत थांबवायचे तर मॅनेजरला आधी कॅब सांगावी लागे, सुरक्षा विभागाला कळवावे लागे, रखवालदाराच्या वहीत नोंद व्हावी लागे, आणि एवढी यातायात करण्यापेक्षा ‘उद्या बघू’ म्हणणे त्याला सोपे जाई. कायद्याने काळजी घेतली होती ती बाईच्या वाटेची. घरात बसलेल्या बाईला वाटच चालायची नसते. साडेनऊनंतर मला थांबवून घेण्याचा खर्च कंपनीच्या दृष्टीने शून्यावर आला, आणि ज्याला खर्च नाही त्याचा वापर कोणी जपून करत नाही.

त्यात ते हिरवे टिंब. मीटिंगच्या आणि निरोपांच्या त्या प्रणालीत तुमच्या नावाशेजारी एक टिंब असते. काही मिनिटे कळफलकाला बोट लागले नाही की ते पिवळे होते, म्हणजे तुम्ही जागेवर नाही असे जगाला कळते. ऑफिसात मी चहाला गेले तर माझी रिकामी खुर्ची, तिच्यावरची ओढणी आणि टेबलावरची पाण्याची बाटली माझ्या वतीने साक्ष देत. घरी माझा साक्षीदार ते टिंब, आणि ते फार चुगलखोर आहे. मग फोनवर तेच ॲप उघडून तो स्वयंपाकघरात मिक्सरच्या शेजारी उभा करून ठेवायचा, कणकेने भरलेला हात तसाच ठेवून बोटाच्या मागच्या पेराने ‘ओके’ दाबायचे, काचेवर पिठाचा डाग पडला की पदराने पुसायचे, आणि तोवर कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या ते विसरायचे. अमेरिकेत २०२४ मध्ये वेल्स फार्गो या बँकेने कळफलक चालू असल्याचा नुसता देखावा केला म्हणून डझनाहून अधिक लोकांना काढून टाकले. त्यांनी लबाडी केली हे खरेच. परंतु कामापेक्षा कामावर असल्याची खूण महत्त्वाची झाली की माणसे खूण तयार करण्याचे काम करू लागतात, आणि ते काम चोवीस तास चालू शकते.

ही झाली कंपनीची बाजू. घराची बाजू सांगितली नाही तर लेख अर्धवट राहील, आणि घरात कोणाला राग यायचा असेल तर येवो. आमच्या शाहूपुरीतल्या कॉलनीत मी घरी असते हे सर्वांना माहीत झाल्यापासून आजूबाजूच्या सगळ्या घरांची पार्सले माझ्याकडे येतात. पोस्टमन, गॅसचा सिलिंडर आणणारा, मीटरचे रीडिंग घेणारा, वर्गणी मागायला आलेली गणपती मंडळाची मुले, सगळे आमची बेल वाजवतात, कारण ‘वहिनी घरीच असतात’. माझा नवरा बँकेत आहे. तो साडेनऊला डबा घेऊन बाहेर पडतो आणि त्यानंतर संध्याकाळपर्यंत त्याला कोणी कसलीही कामे सांगत नाही. तो बँकेत किती काम करतो हे कोणी पाहिलेले नाही. त्याचे जाणे सगळ्यांनी पाहिलेले आहे.

सासूबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या, नोकरीचे कष्ट त्यांना कोणी शिकवायला नको. तरीही एकदा मी अर्धा तास गप्प बसून एक लांबलचक चर्चा ऐकत होते, तेव्हा त्या दोनदा दारात येऊन गेल्या आणि तिसऱ्यांदा म्हणाल्या, ‘अगं, जरा वाटाणे सोलून दे ना.’

‘आई, मी मीटिंगमध्ये आहे.’

‘पण तू कुठे बोलत होतीस? नुसती तर बघत बसली होतीस.’

त्यांचे चुकले असे मला म्हणता येत नाही. वर्गात शिक्षिका बोलत असते, शेतात बाई वाकलेली असते, यंत्रावर हात चालत असतात. डोळे पडद्याकडे लावून स्वस्थ बसलेल्या माणसाकडे बघून ते काम आहे असे कोणत्या पिढीने ओळखावे? दार लावून घ्यावे म्हटले तर आमच्या घरांमध्ये दिवसाढवळ्या दार लावून बसणे म्हणजे एक तर भांडण किंवा आजारपण. मी दार लावू लागले तेव्हा समोरच्या काकूंनी सासूबाईंना हळूच विचारले होते की, सगळे ठीक आहे ना. शेवटी गच्चीवरच्या खोलीत टेबल हलवले. एप्रिल-मेमध्ये तिथे पत्र्याखाली भाजून निघायला होते आणि वळवाच्या पहिल्या सरीला वीज गेली की इन्व्हर्टरकडे धावावे लागते, पण जिना चढून वर जाणे हे निदान ‘जाणे’ आहे, आणि त्याचा परिणाम घरावर झाला. वाटाणे आता खालीच सोलले जातात.

कंपनीला घर हे कारण वाटत नाही आणि घराला कंपनी हे कारण वाटत नाही, अशी ही दुहेरी अडचण आहे, आणि ती बाईला अधिक जाचते याचे पुरावे सरकारी आकड्यांतच आहेत. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या वेळवापर पाहणीत २०१९ मध्ये असे दिसले की, बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवत होत्या आणि ते करणारे पुरुष ९७ मिनिटे. २०२४ च्या पाहणीत हे आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ झाले. मधल्या पाच वर्षांत एवढी मोठी साथ येऊन गेली, कोट्यवधी पुरुष महिनोन्‌महिने घरात बसले, भांडी कुठे ठेवतात ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले, आणि एवढे होऊन पुरुषांची मिनिटे नऊने कमी झाली. हे वाचून मी हसले होते, हे कबूल करायला हवे.

जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष सुब्रह्मण्यन यांनी आठवड्याला नव्वद तास काम करण्याचा पुरस्कार केला, तेव्हा सगळा गदारोळ नव्वद या आकड्यावर झाला. त्याआधी २०२३ मध्ये नारायण मूर्ती सत्तर तासांबद्दल बोलले होते, त्यामुळे आकडा वाढला एवढेच लोकांच्या ध्यानात आले. मला मात्र सुब्रह्मण्यन यांचे दुसरे वाक्य अधिक महत्त्वाचे वाटले. घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत बसणार, अशा आशयाचे ते होते, आणि रविवारी तुमच्याकडून काम करून घेता येत नाही याची खंतही त्यांनी त्याच वेळी व्यक्त केली. लोखंड्यांच्या रविवारला तेव्हा जवळजवळ एकशे पस्तीस वर्षे होत आली होती. घरात एकमेकांकडे बघत बसण्यापलीकडे काही घडतच नाही, ही समजूत त्या वाक्याच्या मुळाशी आहे. घरात कोणी आजारी असते, कोणाचा अभ्यास घ्यायचा असतो, दळण आणायचे असते, आणि कधी कधी खरोखर एकमेकांकडे बघत बसायचे असते, हे ज्यांच्या हिशेबात नाही त्यांना ‘आता मला घरचे बघायचे आहे’ हे कारण रिकामेच वाटणार. जास्त तास काम करण्याचा परिणाम शरीरावर काय होतो ते आता कोडे राहिलेले नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी मे २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आठवड्याला पंचावन्न किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पस्तीस ते चाळीस तासवाल्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मरण येण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असल्याचे म्हटले आहे.

यात दोष नेहमी दूरच्या साहेबाचा असतो असेही नाही. आमच्या रोजच्या मीटिंगमध्ये ओहायोमधला एक सहकारी असे. एका हिवाळ्यात मीटिंग चालू असताना खालून आमच्या कॉलनीतल्या आरतीच्या टाळ्या ऐकू आल्या आणि त्याने सहज विचारले की, तुमच्याकडे आता किती वाजले आहेत. पावणेनऊ म्हटल्यावर तो क्षणभर थांबला. इतकी वर्षे आम्ही संध्याकाळच्या चहाच्या वेळेला बोलतो आहोत असा त्याचा समज होता. त्याने त्याच आठवड्यात त्याच्या लोकांशी बोलून मीटिंग त्यांच्या सकाळी आठवर आणली, म्हणजे आमच्याकडे उन्हाळ्यात साडेपाच आणि हिवाळ्यात साडेसहा. त्याला एवढे करायला दोन ईमेल पुरले. आमच्या बाजूने मात्र ही गोष्ट कोणी कधी काढली नव्हती, कारण ग्राहकाने वेळ विचारली की ‘चालेल, काही हरकत नाही’ हे उत्तर आमच्या तोंडात आधीच तयार असते. ते सौजन्य आहे असे आम्ही मानतो. त्यातला काही भाग भीतीचा असतो आणि काही भाग या विश्वासाचा, की घरातली माणसे काय, थांबतील.

मीटिंग लवकर संपू लागली तरी रिकामी झालेली संध्याकाळ आपोआप माझी झाली नाही. तिच्यात हळूहळू ‘पाच मिनिटे बोलू का’ असे निरोप येऊ लागले. मग मी गाण्याच्या बाईंकडे पेटी शिकायला जाऊ लागले. संगीताची ओढ होती हे खरे, पण खरा फायदा तिथल्या वेळेचा झाला. बाईंकडे साडेसातची वेळ मिळाली, साडेआठला पुढची मुलगी येऊन दारात बसलेली असते, उशीर झाला तर बाई काही बोलत नाहीत, फक्त घड्याळाकडे बघतात, आणि ते बघणे कोणत्याही मॅनेजरच्या नाराजीपेक्षा कडक असते. ‘मला क्लासला जायचे आहे’ हे वाक्य पुन्हा बससारखे चालू लागले. आपल्यासाठी दुसरे कोणीतरी थांबले आहे, हे सांगता आले की माणूस निःशंकपणे उठतो. स्वतःसाठी उठतो आहे असे सांगायची वेळ आली की अडखळतो. माझ्या ओळखीत कोणी संध्याकाळी अजिंक्यतारा चढायला चौघांच्या सोबतीने जाते, कोणी भजनी मंडळात जाते, एकाने बॅडमिंटनची जोडी लावली आहे. एकट्याने ‘फिरायला जाईन’ असे ठरवणाऱ्यांचे फिरणे फार दिवस टिकलेले मी पाहिले नाही.

इथेही कारणांचे वजन सर्वांना सारखे मिळत नाही, हे सांगून टाकते. टीममधला एखादा पुरुष ‘मुलाला क्लासला सोडायचे आहे’ म्हणून सहाला उठला तर तो किती घरेलू आहे याचे कौतुक होते. तेच वाक्य बाईने म्हटले तर ‘तिला घरच्या अडचणी असतात’ अशी नोंद कुठेतरी होते आणि वर्षअखेरीच्या मूल्यमापनात ती वेगळ्या शब्दांत परत येते. म्हणून माझ्या कितीतरी मैत्रिणी उठण्याचे खरे कारण न सांगता नेटवर्क गेल्याचे सांगतात. महावितरण आणि इंटरनेट यांनी या राज्यातल्या बायकांवर जे उपकार केले आहेत त्यांचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

व्यक्तीने एकेक कारण शोधत बसण्यापेक्षा कायद्यानेच ते द्यावे, असा प्रयत्न काही देशांनी केला आहे. फ्रान्समध्ये २०१७ पासून पन्नास आणि त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना कामाच्या वेळेबाहेर संपर्क तोडण्याच्या हक्कावर कामगारांशी बोलणी करावी लागतात. पोर्तुगालने २०२१ मध्ये मालकांनाच कामाच्या वेळेबाहेर संपर्क करण्यापासून आवरले, आणि ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून अवाजवी संपर्काला उत्तर न देण्याचा हक्क मिळाला. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी याच आशयाचे खासगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडायचे विधेयक, २०१८ मध्ये लोकसभेत मांडले आणि डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा मांडले. स्वातंत्र्यानंतर आजवर चौदाच खासगी विधेयकांचे कायदे झाले आहेत आणि त्यातला शेवटचा १९७० मधला, त्यामुळे त्यावर फार आशा लावण्यात अर्थ नाही. असा कायदा झाला तरी ओहायोच्या सकाळी आणि साताऱ्याच्या रात्री एकाच वेळी चालणाऱ्या कामाला तो कसा लावायचा, हा पेच राहीलच. तरीसुद्धा तो हवा असे मला वाटते. कायद्याने फोन येणे थांबेल असे नाही. पण न उचलणाऱ्याला सांगायला एक वाक्य मिळेल, आणि ते वाक्य त्याच्या आजारपणाबद्दल, मुलाबद्दल किंवा नेटवर्कबद्दल असण्याची गरज राहणार नाही.

आता आमच्या कंपनीने आठवड्यातून दोन दिवस हिंजवडीला बोलावले आहे. पहाटेची साताऱ्याहून स्वारगेटला जाणारी विनाथांबा एसटी भरून जाते आणि तीत निम्म्याहून अधिक पाठपिशव्या लॅपटॉपच्या असतात. खंबाटकीचा बोगदा येईपर्यंत सगळे झोपलेले असतात, नंतर पगार, घरभाडे आणि कोणती कंपनी किती दिवस बोलावते याच्या चर्चा सुरू होतात. कराडकडची एक तरुण मुलगी गेल्या महिन्यात शेजारी बसली होती, तिने तिच्या मुलाखतीची हकिगत सांगितली. तुम्हाला काही विचारायचे आहे का, असे म्हटल्यावर तिने पगाराच्या आधी एवढेच विचारले की, इथली दिवसातली शेवटची मीटिंग किती वाजता संपते. समोरच्या तिघांनी एकमेकांकडे पाहिले, कारण त्यांना ते सांगता येईना. मग मनुष्यबळ विभागाने चौकशी करून दोन दिवसांनी मेल पाठवली, तीत संध्याकाळी सातची वेळ दिली होती आणि तिच्यापुढे ‘साधारणतः’ असे लिहिले होते. तिने उलट मेल करून ‘साधारणतः’ म्हणजे महिन्यातले किती दिवस ते विचारले, आणि त्याचेही उत्तर आल्यावरच ती तिथे रुजू झाली.